शंभराचा वस्तरा, हजारोंचा वस्तरा: फरक नेमका कशात?

ऑनलाइन दुकानात ‘वस्तरा’ शोधून बघा. शंभर-सव्वाशे रुपयांचा स्टीलचा वस्तरा लगेच दिसतो. त्याच्या शेजारी लाकडी मुठीचा सात-आठशेचा असतो. जरा खाली गेलं की जपानी बनावटीचा येतो, आणि त्याची किंमत वाचून पुन्हा एकदा शून्यं मोजावीशी वाटतात. फोटोत तिन्ही सारखेच दिसतात. तिन्हींत ब्लेड बदलता येतं आणि तिन्हींच्या खाली ‘प्रोफेशनल’ असं लिहिलेलं असतं. दाढी राखून गालावरची रेघ कोरून घ्यायची हौस वाढली, तसा हा प्रश्न आपल्या सोलापुरात जुळे सोलापुरापासून अक्कलकोट रोडपर्यंत कुठेही ऐकू येतो: महागातला घेतला तर कापणार नाही ना?

कापेल. महागातला तर जास्तच सफाईने कापेल. चेहरा सुखरूप राहणार की नाही, हे मुठीच्या लाकडावर फारसं ठरत नाही. आत कुठल्या जातीचं ब्लेड बसतं आणि होल्डर त्याला किती घट्ट धरतो, यावर ते ठरतं.

आधी जुना वस्तरा

न्हाव्याच्या धोकटीतला जुना वस्तरा म्हणजे एकसंध पोलादाचं पातं. पाठ जाड, धार अतिशय पातळ, आणि मधला भाग दोन्ही अंगांनी खोलगट घासलेला. पाठ जाड ठेवण्यामागे विचार आहे. तिच्यामुळे पात्याला वजन येतं, ताठपणा येतो. शिवाय सिल्लीवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. त्यामुळे धारेचा कोन दरवेळी तोच राहतो, कारागिराला तो अंदाजाने धरावा लागत नाही. मग चामड्याच्या पट्ट्यावर चार हात फिरवले की धारेच्या टोकाचं बारीक वाकलेपण सरळ होतं.

या वस्तऱ्याची अडचण धारेत नव्हती. एक तर त्याला सतत वेळ द्यावा लागायचा. दुसरं म्हणजे तेच पातं एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर जायचं. अमेरिकेत किंग जिलेट यांना १९०४ साली ज्या रेझरचं पेटंट मिळालं, त्यातली कल्पना धार गेली की टाकून द्यायच्या पातळ ब्लेडची होती. आज सलूनमध्ये जो वस्तरा दिसतो तो म्हणजे या दोन गोष्टींचं लग्न: आकार आणि पकड जुन्या वस्तऱ्याची, धार जिलेटच्या वळणाच्या ब्लेडची.

धोटा तोच, कांडी बदला

यंत्रमागाच्या गावात हे समजवायला फार लांब जायला नको. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा तोच राहतो, सूत संपलं की त्याच्या आतली सूत गुंडाळलेली कांडी बदलतात. पण धोट्याच्या मापाची कांडी नसेल तर ती बसत नाही, आणि ओढूनताणून बसवली तर काम बिघडवते. ब्लेडच्या वस्तऱ्यात होल्डर हा धोटा आणि ब्लेड ही कांडी. आपण बघत बसतो धोट्याची पॉलिश, आणि पुढची कित्येक वर्षं कुठली कांडी विकत घ्यायची हे मात्र त्याच क्षणी ठरून गेलेलं असतं.

म्हणून वस्तऱ्यांची तुलना करायची तर ब्लेडच्या जातीपासून करावी.

अर्धं ब्लेड: स्वस्त, सर्वत्र, आणि शिकाऊ हाताला सर्वांत अवघड

आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या सलूनमध्ये चालतं ते अर्धं ब्लेड. टोपाझ, सुपरमॅक्स, लेसर, सेव्हन ओ’क्लॉक अशा नावांनी मिळणारं दोन बाजूंना धार असलेलं नेहमीचं ब्लेड घ्यायचं, कागदाच्या वेष्टनातच बोटांनी वाकवून मधोमध मोडायचं, आणि एक तुकडा होल्डरमध्ये सरकवायचा. पूर्ण ब्लेड साधारण ४३ मिमी लांब, २२ मिमी रुंद आणि अवघं ०.१ मिमी जाड असतं. ते किराणा दुकानातही मिळतं आणि एका दाढीचा ब्लेडचा खर्च एक-दोन रुपयांत भागतो. मोडायची कटकट नको असेल तर आधीच अर्धी केलेली ब्लेडंही येतात. कोरियाची डोर्को आणि तुर्कस्तानची डर्बी या कंपन्या ती विकतात.

आता गोम बघा. हे ब्लेड मुळात वस्तऱ्यासाठी बनलेलंच नाही. घरच्या साध्या रेझरमध्ये तेच ब्लेड वरच्या टोपीखाली कमानीसारखं वाकवून आवळलं जातं. वाकवल्यामुळे ०.१ मिमीचा पत्राही ताठ होतो. शिवाय धारेच्या जरा पुढे दांड्यांची कड असते, ती त्वचेला आधीच थोपवून धरते. वस्तऱ्यात यातलं काहीच नसतं. ब्लेड सरळ धरलेलं, कड नाही, आणि धार किती बाहेर काढायची ते होल्डर बनवणाऱ्याच्या मर्जीवर. जास्त बाहेर आली तर राठ केसाला लागताच ब्लेड किंचित लवतं, थरथरतं, आणि गुळगुळीत रेघेऐवजी गालावर आग उठते. स्वस्त होल्डरची खरी गफलत इथे असते. दोन होल्डर शेजारी ठेवले तर धार बाहेर येण्यात डोळ्यांना दिसेल इतका फरक सापडतो. कधी तर एकाच होल्डरमध्ये ब्लेड एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी बाहेर येतं.

दुसरा धोका टोकाचा. जुन्या वस्तऱ्याचं पुढचं टोक बऱ्याचदा गोल केलेलं असायचं. अर्ध्या ब्लेडचे कोपरे मात्र टोकदार. घरी वस्तरा धरणाऱ्यांचे पहिले काप बहुतेक याच कोपऱ्यांनी होतात, तेही ठरलेल्या जागी: कानाच्या पाळीखाली, नाकाच्या बुडाशी, हनुवटीच्या वळणावर.

आणि वजन. शंभर रुपयांचा पत्र्याचा होल्डर इतका हलका असतो की हात नकळत दाब देतो. धारदार गोष्ट स्वतःच्या वजनाने चालू द्यायची असते, पण ज्याला वजनच नाही ती चालणार कशी? म्हणून या प्रकारातसुद्धा जरा जड, भरीव स्टीलचा होल्डर घेणं फायद्याचं. मुठीवर पैसे खर्चायचे तर ते नक्षीपेक्षा या वजनावर खर्चावेत.

जाड ब्लेड: जपानी पद्धत

महाग वस्तऱ्याच्या वर्णनात ‘एसी ब्लेड’ असं लिहिलेलं असतं. जपानच्या फेदर कंपनीच्या ‘आर्टिस्ट क्लब’ या मालिकेचं ते लघुरूप. फेदर आणि तिची स्पर्धक काई, दोघींची मुळं गिफू प्रांतातल्या सेकी या तलवारी-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या गावात. काईच्या ‘कॅप्टन’ मालिकेची ब्लेडं आणि फेदरची ही ब्लेडं बहुतेक वेळा एकमेकांच्या होल्डरमध्ये चालतात.

हे ब्लेड वस्तऱ्यासाठीच घडवलेलं आहे. जाडी सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या ब्लेडच्या अडीचपट. एकाच बाजूला धार, दुसरी बाजू पकडण्यासाठी. मोडायचं नाही, डबीतून थेट होल्डरच्या फटीत सरकवायचं. त्यामुळे धार दरवेळी तेवढीच बाहेर येते आणि जाडीमुळे ब्लेड लवत नाही. जबड्याच्या राठ केसांवर हा फरक पहिल्याच हाताला कळतो.

पण ‘जाड म्हणजे सुरक्षित’ असं समजू नका. ही ब्लेडं भयंकर धारदार असतात आणि लवत नाहीत म्हणजे चूकही माफ करत नाहीत. नवशिक्यासाठी यातला एक खास प्रकार आहे, ज्यात धारेवर ठरावीक अंतरावर बारीक आडोसे केलेले असतात. फेदर त्याला ‘प्रोगार्ड’ म्हणते. त्याने आडवा सरकलेला हात खोल जात नाही. माझं मत विचाराल तर घरी वस्तरा शिकायचाच असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर सुरुवात इथून व्हावी. अडचण खिशाचीच आहे. होल्डर काही हजारांचा, आणि प्रत्येक ब्लेड आपल्या नेहमीच्या ब्लेडच्या दसपट किंवा त्याहून महाग. सोलापुरात कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही, मागवावं लागतं.

तिसरी जात लांब ब्लेडची. ती मुख्यतः केस पातळ करायला आणि कटिंगला वापरतात. दाढीसाठी घेत असाल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

पोलाद कठीण, केस मऊ. मग धार जाते कशी?

माणसाचा केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरी दोन-चार दाढ्यांत ब्लेड ओढायला लागतं. हे कोडं अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सोडवायला घेतलं आणि २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्तर छापलं. त्यांच्यातल्या एकाने स्वतःची दाढी करून ब्लेड दरवेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. धार झिजून गोल झाली असेल असा अंदाज होता, पण दिसले धारेचे उडालेले सूक्ष्म टवके. पोलादाची अंतर्रचना सगळीकडे सारखी नसते. त्यातल्या एखाद्या कमजोर जागी, धारेच्या कडेवर, वाकू शकणारा केस तिरका येऊन भिडला की तिथलं पोलाद तडकतं.

यातून व्यवहाराचे दोन धडे मिळतात. पहिला म्हणजे ब्लेड पट्ट्यावर, तळहातावर किंवा जीन्सवर घासून टवके भरून येत नाहीत. ब्लेडच्या धारेवर केसावरून सहज सरकावं म्हणून टेफ्लॉनच्या जातीचा अतिपातळ थर असतो, घासल्याने उलट तो जातो. दुसरा धडा, धार टिकवायची तर केस नीट भिजवा. केस पाणी पितो आणि मऊ पडतो, त्याला कापायला कमी जोर लागतो. कोरड्या दाढीवर फेस फासून लगेच वस्तरा लावणं म्हणजे नवं ब्लेड पहिल्याच गालावर म्हातारं करणं.

भिजवण्याचा उत्तम उपाय गावातच विणला जातो. सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. गरम पाण्यात बुडवून पिळलेला असा एक छोटा टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवला की महागडं ‘प्री-शेव्ह’ तेल नसलं तरी अडत नाही. पाण्याचं मात्र बघा. नळाला पाणी दिवसाआड येणंही चैनीचं वाटावं अशा शहरात बोअरचं पाणी सर्रास वापरलं जातं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की फेसाऐवजी चिकट साय तयार होते. उकळलं की यातला काही क्षार भांड्याच्या तळाशी बसतो. वरचं पाणी फेसासाठी घ्या. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना दाढी सकाळी लवकर उरकावी, कारण ताज्या कापलेल्या त्वचेवर घाम झोंबतो.

‘नवीन ब्लेड लावलंय की, मग कसली काळजी?’

सलूनमध्ये बसताना आपण सवयीने म्हणतो, ‘अण्णा, ब्लेड नवीन लावा हं.’ अण्णाही म्हणतात, ‘तुमच्यासमोरच फोडतो की, साहेब.’ आणि खरंच समोर फोडतात. हे चांगलंच आहे. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत एड्सच्या भीतीने ही सवय सगळीकडे रुजली.

गंमत अशी की एचआयव्ही शरीराबाहेर फार तग धरत नाही. सलूनमध्ये त्याच्यापेक्षा चिवट पाहुणा आहे हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू. वाळलेल्या रक्ताच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यातसुद्धा तो किमान ७ दिवस संसर्गक्षम राहू शकतो. आता विचार करा: ब्लेड नवं आलं, पण होल्डर तोच. ब्लेड जिथे अडकतं त्या फटीत मागच्या गिऱ्हाइकाचा फेस, केस, कधी रक्त. नवं ब्लेड त्याच फटीत सरकतं.

होल्डरच्या रचनेची तुलना इथे पुन्हा कामाला येते. जो होल्डर पुस्तकासारखा पूर्ण उघडतो त्याची आतली बाजू ब्रशने घासता येते. बंद फटीचा किंवा प्लास्टिकचे तुकडे अडकवलेला होल्डर साफ करणं कठीण. दिसायला सगळ्यांत साधा वस्तरा या बाबतीत बऱ्याचदा सरस ठरतो. धातूचा होल्डर आधी साबणाने घासून, मग २० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवता येतो. मूठ लाकडी किंवा प्लास्टिकची असेल तर ते शक्य नाही. त्या छान शिसवी मुठीचा हा तोटा कुणी जाहिरातीत सांगत नाही.

निळ्या दिव्याच्या पेटीवरही फार विसंबू नका. अतिनील किरण जिथे थेट पडतात तिथेच काम करतात. फटीत आणि वाळलेल्या फेसाखाली ते पोचत नाहीत. आधी घासून धुतलेलं हत्यार त्या पेटीत ठेवलं तर ठीक, धुण्याऐवजी पेटी असेल तर ती शोभेची.

आणखी दोन गोष्टी ब्लेडच्या धांदलीत सुटतात. एक म्हणजे तुरटी. तिने बारीक कापातलं रक्त थांबतं हे खरं, पण एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या कापांवरून फिरत असेल तर नव्या ब्लेडचा उपयोग काय? घरून आपला खडा नेला तर कुणी वाईट मानत नाही. दुसरी म्हणजे ब्लेडचा उरलेला अर्धा भाग. तो वापरलेला नसेल आणि कागदात कोरडा ठेवलेला असेल तर पुढच्या गिऱ्हाइकाला लावण्यात काहीच गैर नाही. त्यावरून न्हाव्याशी वाद घालू नये.

हिपॅटायटिस बीवर लस आहे आणि ती मोठेपणीही घेता येते. सलूनमध्ये काम करणाऱ्यांनी तर घ्यावीच, कारण दिवसभर धारेशी त्यांचीच बोटं खेळतात. हिपॅटायटिस सीवर मात्र लस नाही.

हा सगळा मुद्दा आपल्या जिल्ह्यात दाढीपुरता राहत नाही. पंढरपूरला चंद्रभागेच्या काठी लेकरांचं जावळ निघतं, दहाव्याला मुंडण होतं. तिथे एकामागून एक डोकी, घाई, पाणी थोडं. लहान मुलाचं डोकं हलतं, टाळूची त्वचा पातळ, आणि हातात बहुधा तेच लवचीक अर्धं ब्लेड. अशा वेळी आई-बापांनी आपलं ब्लेडचं पाकीट बरोबर न्यावं. ‘मामा, हे लावा, आणि वस्तरा एकदा धुऊन घ्या’ एवढं म्हणायला लाजू नये.

‘हात बसायला किती वेळ? आणि घरी हवाच कशाला?’

प्रामाणिकपणे सांगायचं तर रोजच्या दाढीसाठी बहुतेकांना वस्तऱ्याची गरज नाही. तेच ब्लेड साध्या रेझरमध्ये घातलं तर कमी वेळात, कमी धोक्यात, तेवढीच गुळगुळीत दाढी होते. वस्तऱ्याची खरी कमाई रेघ कोरण्यात आहे. कल्ल्याची कड, दाढीची गालावरची सीमा, मिशीचा काठ या जागी धार उघडी दिसते म्हणून नेम लागतो. त्वचेवर सतत पुटकुळ्या येणाऱ्यांनी किंवा ज्यांचे केस त्वचेच्या आत वळतात त्यांनी आधी ट्रिमर वापरून बघावा.

तरी शिकायचंच असेल तर सुरुवात गालाच्या सपाट भागापासून. एका हाताने त्वचा ताणा, वस्तरा त्वचेशी साधारण ३० अंशांत धरा, केसांच्या वाढीच्या दिशेने छोटे हात मारा. कोन वाढला तर धार त्वचेत रुतते, फार कमी झाला तर केस कापण्याऐवजी ओढले जातात. धारेच्या दिशेने आडवा हात कधीच नको, कापायची सुरी तशीच चालते. हनुवटी आणि मिशीखालचा भाग पहिले काही आठवडे रेझरवरच सोडा. मधुमेह असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा छंद डॉक्टरांना विचारूनच करावा.

‘मग जुना अस्सल वस्तराच का नको?’

घ्या की. घरात एकच माणूस वापरणार असेल तर संसर्गाचा प्रश्न उरत नाही, आणि जर्मनीच्या झोलिंगेनचा चांगला वस्तरा सांभाळला तर पिढ्या काढतो. त्याची धार ब्लेडपेक्षा जरा सौम्य लागते, वजन हाताला साथ देतं. पण सिल्ली आणि पट्टा वापरायचं कसब वेगळं शिकावं लागतं, आणि धार लावून देणारे हात आता शोधावे लागतात. सलूनसाठी तो परवडत नाही: प्रत्येक गिऱ्हाइकानंतर तो निर्जंतुक करायचा तर दिवसभरात दाढ्या होणार किती?

विकत घेताना, आणि टाकताना

दुकानात होल्डर हातात घ्या. ब्लेड लावून उजेडात धरा आणि धार दोन्ही टोकांना सारखी बाहेर आली आहे का ते बघा. ब्लेडचं टोक बोटाने हलवून बघू नका, काडेपेटीच्या काडीने हलकेच दाबा. हललं तर तो होल्डर परत ठेवा. बिजागरी ढिली नको. पूर्ण उघडून धुता येतो का ते विचारा. आणि त्याच दुकानात त्याचं ब्लेड मिळतं का, तेही विचारा.

वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकणं हा आपल्याकडचा रिवाज आहे. तो कागद पहिल्याच ओल्या कचऱ्यात भिजतो, आणि धार घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्याच्या हाताला लागते. पावडरचा किंवा तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा, झाकण चिकटपट्टीने पक्कं करा. घरातल्या एका माणसाच्या ब्लेडांना असा डबा कित्येक वर्षं पुरतो. सलूनला मोठा लागेल. भरला की चीरही चिकटपट्टीने बंद करून वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून वेगळा द्या.